आजींच्या लुगड्यापासून सुरुवात: कुटुंबाच्या फोटोसाठी कपडे कसे निवडावेत

घरातील वडीलधाऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा परदेशी असलेल्या मुलाची सहकुटुंब सुट्टी, असे काही निमित्त साधून सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो काढून घ्यायचे ठरते आणि छायाचित्रकाराची तारीख मिळाली की पहिला प्रश्न निघतो तो कपड्यांचा. बहुतेक घरांत त्याचे उत्तर एका वाक्यात दिले जाते: सगळ्यांनी पांढरे आणि निळे घालावे, किंवा एकाच थानातून सगळ्यांचे कुर्ते शिवून घ्यावेत. हे उत्तर सोपे आहे, पण त्यात रंग आधी ठरतो आणि माणसांना नंतर त्यात बसवले जाते. माझा सल्ला याच्या उलट आहे. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती त्या दिवशी काय नेसणार किंवा काय घालणार, हे त्यांनाच विचारावे आणि बाकी सगळ्यांचे कपडे त्यावरून ठरवावेत.

याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, ऐंशी वर्षांच्या माणसाला नवख्या कपड्यात बसवले तर ते अवघडलेपण खांद्यांत आणि चेहऱ्यावर उतरते आणि मग कितीही चांगला प्रकाश असला तरी फोटोत ते माणूस आपले वाटत नाही. दुसरे कारण रंगांचे आहे. आपल्याकडच्या हातमागाच्या साडीत अंग, काठ आणि पदर यांचे रंग एकमेकांना शोभतील असे विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून ठेवलेले असतात. घरात अशी एक साडी असेल तर चौदा माणसांच्या कपड्यांचे रंग शोधायला दुसरीकडे कुठे जावे लागत नाही.

आमच्या सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी हेच घडले. मोबाइलवर दोन दिवस चर्चा चालली, तीन रंग सुचवले गेले आणि तिन्ही नाकारले गेले. शेवटी त्यांनीच कपाटातून एक इरकली लुगडे काढून पलंगावर ठेवले आणि मी हेच नेसणार म्हणून सांगितले. अंग गर्द निळे, काठ तांबडे आणि पदर तांबड्या रेशमाचा, त्यावर पांढऱ्या धाग्याच्या टोकदार ओळी. इरकलीचा पदर असा ठसठशीत उठून दिसतो, कारण बागलकोट जिल्ह्यातील इलकलचे विणकर अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे लावून मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात. त्या लुगड्यातून आम्हाला चार रंग मिळाले: गर्द निळा, तांबडा, दुधाळ पांढरा आणि निळा धुऊन धुऊन विटल्यावर जो राखी निळा होतो तो.

आता हे रंग वाटायचे कसे, हा खरा कौशल्याचा भाग आहे. ज्येष्ठांच्या साडीचा मुख्य रंग दुसऱ्या कोणालाही जसाच्या तसा देऊ नये. तो त्यांचा एकट्यांचा राहिला की पाहणाऱ्याची नजर आपोआप त्यांच्याकडे जाते. काठाचा गडद रंग दोघा-तिघांना द्यावा आणि तोही एकमेकांपासून दूर उभे राहणाऱ्यांना, म्हणजे एक उजवीकडे, एक डावीकडे मागे आणि एक पुढे बसलेल्या मुलाच्या बंडीत, असा विखरून. उरलेल्या सगळ्यांनी फिकट आणि शांत रंग घ्यावेत: मोतिया, बदामी, राखी, फिकट आबोली, गव्हाळ. घरात पैठणी असेल तर हाच नियम लावता येतो, मात्र तिथे एक खबरदारी हवी. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे घडीत जांभळी दिसणारी साडी नेसल्यावर निऱ्यांच्या वळणांवर मोरपिशी दिसू शकते. अशी साडी घडीत पाहून तिच्याशी मिळते कापड आणू नये. ती खांद्यावर टाकून उजेडात उभे राहावे आणि मग पाहावे.

आजोबा एकटे असतील तर सुरुवात त्यांच्या कोटापासून किंवा टोपीपासून करावी. आजी एकट्या असतील आणि त्यांना फिकटच नेसायचे असेल, तर तू लाल नेस, आता कोण काही म्हणत नाही, असा आग्रह करू नये. त्यांना खरोखर हौस असेल तर त्या स्वतः सांगतील. फिकट साडी नेसलेली व्यक्ती मध्यभागी असेल आणि दोन्ही बाजूंना मध्यम गडद रंग असतील, तर ती तितकीच ठळक दिसते.

रंग ठरले की एक चाचणी अवश्य करावी. घरातल्या मोठ्या खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पलंगावर साधी चादर घालून सगळ्यांचे कपडे ज्या क्रमाने माणसे उभी राहतील त्या क्रमाने मांडावेत आणि मोबाइलने वरून फोटो काढावा. ट्यूबलाइटखाली ही चाचणी करू नये, कारण तिथे जवळचे दोन रंग सारखेच भासतात. मग तोच फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून पाहावा. रंग काढून टाकल्यावर केवळ फिकट आणि गडद एवढेच उरते आणि मग दोष लगेच कळतात. सगळे कपडे एकाच करड्या छटेत विरघळले असतील तर फोटोत माणसे एकमेकांत मिसळून जातील. एकच कपडा पांढराशुभ्र चमकत असेल तर नजर आजींना सोडून तिकडे जाईल. जुन्या कृष्णधवल कुटुंबचित्रांत लुगड्यांचे रंग दिसत नसूनही काठ किती स्पष्ट दिसतात, ते एकदा घरातला जुना अल्बम काढून पाहावे. तिथे सारे काम फिकट-गडदाच्या फरकानेच केलेले आहे.

पांढऱ्या रंगाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे गरजेचे आहे, कारण सोपा म्हणून तोच निवडला जातो आणि अडचणही त्याचीच सर्वांत जास्त होते. पांढरा हा एक रंग नाही. नीळ दिलेला सदरा किंचित निळसर असतो, बाजारातल्या नव्या कुर्त्यावर चकाकी आणणारे द्रव्य असल्याने तो उन्हात आणखी निळसर दिसतो, जुने रेशमी उपरणे पिवळसर झालेले असते आणि न रंगवलेली खादी चक्क तांदळाच्या पेजेच्या रंगाची असते. ही चार पांढरी वस्त्रे वेगवेगळी पाहिली तर चारही स्वच्छ वाटतात, पण शेजारी-शेजारी उभी राहिली की नीळ दिलेल्या सदऱ्याशेजारचे रेशमी उपरणे मळके भासते. आमच्या फोटोत थोरल्या दीरांचे धोतर आणि धाकट्या दीरांचा कुर्ता यांची नेमकी हीच गत झाली असती. पलंगावरच्या चाचणीत ते ध्यानात आले म्हणून धाकट्यांना राखी निळा कुर्ता दिला. पांढरे घालायचेच असेल तर सगळ्यांनी मोतिया किंवा हस्तिदंती घ्यावे. पांढऱ्याशुभ्र कापडावर जोराचा प्रकाश पडला की त्याच्या चुण्या आणि वीण दिसेनाशी होते आणि काळ्याभोर कापडात नेमके तेच सावलीमुळे होते. म्हणून शुभ्र आणि काळे शेजारी आले की छायाचित्रकाराला दोहोंपैकी एकाचा बळी द्यावा लागतो. संक्रांतीच्या सुमारास फोटो असेल आणि घरात काळ्या चंद्रकळेची हौस असेल तर ती जरूर पुरवावी, मात्र अशा वेळी पाठीमागे फिकट भिंत किंवा मोकळे आकाश असावे आणि बाकीच्यांनी तिळगुळाच्या रंगाकडे झुकणारे बदामी, गव्हाळ असे काही घालावे.

अतिशय भडक पोपटी, राणी किंवा झेंडूसारखा केशरी रंग टाळावा असे मी सांगते. त्यामागे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. अशा कापडावर पडलेला प्रकाश रंगीत होऊन वर उसळतो आणि हनुवटीखाली, गळ्यावर त्या रंगाची झाक पडते. पोपटी कुर्त्यातल्या माणसाची हनुवटी हिरवट दिसते आणि शेजारच्या बाळाच्या गालावरही ती छटा येते. हेच रंग काठात, पायपिंगमध्ये किंवा मुलीच्या केसांच्या फितीत आले तर काही बिघडत नाही.

बारीक चौकडी आणि बारीक रेघांचे शर्ट तर घरीच ठेवावेत. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे सूक्ष्म ठिपके ओळींनी मांडलेले असतात. कापडाच्या रेघा आणि या ओळी जवळजवळ एकाच मापाच्या झाल्या की कापडावर मुळात नसलेल्या रंगीत लाटा फोटोत उमटतात आणि त्या नंतर काढणे फार कष्टाचे असते. मोठा गट टिपायला छायाचित्रकार लांब उभा राहतो, म्हणून घरात मध्यम वाटणारी चौकडीही तिथे बारीक होते. नक्षी हवी असेल तर ती मोठी, मोकळी आणि एका गटात दोघा-तिघांपुरतीच असावी. खणाचे कापड याला चांगला अपवाद आहे. त्यावरची बारीक बुट्टी लांबून एकसंध दिसते आणि जवळून पाहिल्यावरच उमगते.

चमक हा निराळा विषय आहे. समोरून फ्लॅश मारला तर साडीची जर पांढरी होते आणि सोन्याचा रंग उरत नाही, त्यामुळे भरजरी साड्या अधिक असतील तर छायाचित्रकाराला ते आधीच सांगावे, म्हणजे तो प्रकाश छत्रीतून किंवा बाजूच्या भिंतीवरून आणण्याची सोय करील. कृत्रिम सॅटिनचे ब्लाउज आणि चकाकणारे जॅकेट यांवर मात्र कोणताच उपाय नीट चालत नाही. ती चमक अंगाच्या प्रत्येक वळणावर पांढरा पट्टा ओढते आणि माणूस आहे त्यापेक्षा स्थूल दिसतो. सुती, खादी, तसर आणि हातमागाचे मिश्र कापड प्रकाश मऊ करून परत देते. सुती साडीला खळ मात्र हलकी असावी. कडक खळीची साडी बसल्यावर पोटाशी फुगते आणि ती फूग हाताने दाबून बसत नाही.

जागा ठरल्याशिवाय रंग पक्के करू नयेत, हे एरवी सुरुवातीला सांगायला हवे होते, परंतु बहुतेक घरांत जागा घराचीच असते. जुन्या वाड्याच्या सोप्यात सागवानी खांब आणि गडद कौलारू सावली असते. तिथे चॉकलेटी आणि काळे कपडे खांबांत हरवतात, तर मोतिया आणि हळदी रंग उजळतात. कोकणातल्या घरी जांभ्या दगडाच्या भिंतीसमोर विटकरी आणि आमसुली रंग बुडून जातात, म्हणून तिथे निळे, शेवाळी, दुधाळ असे रंग बरे. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता सह्याद्रीच्या कुशीत फोटो काढायचा तर सगळीकडची हिरवाई कपड्यांवर हिरवी झाक टाकते आणि हिरवे कपडे त्यात नाहीसे होतात. तेच माळरान डिसेंबरात गवत वाळल्यावर पिवळे पडते आणि निळा-डाळिंबी तिथे खुलतो. उघड्यावरचा चांगला प्रकाश सूर्य मावळण्यापूर्वीच्या तासाभराचा. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासातपर्यंत असतो, तेव्हा नेसण्या-आवरण्याची वेळ त्यावरून मागे मोजावी. तो प्रकाश पिवळसर असल्याने फिकट पिवळे कपडे त्यात पांढरे वाटू लागतात आणि लाल अधिक तापलेला दिसतो.

साडीचा विचार करताना पदर कुठे येणार, हे फार थोड्यांच्या मनात येते. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणजे साडीचे सगळे वैभव त्या व्यक्तीच्या डाव्या बाजूला असते. तिच्या डाव्या हाताला दुसरे कोणी खांद्याला खांदा लावून उभे केले तर पदर झाकला जातो आणि फोटोत केवळ निऱ्या उरतात. ज्या दोघींचे पदर दिसावेत असे वाटते, त्यांना गटाच्या अशा टोकाला उभे करावे जिथे त्यांचा डावा खांदा मोकळा राहील, किंवा पुढे खुर्चीवर बसवून पदर मांडीवर उलगडून घ्यावा. आमच्या सासूबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेतात. छायाचित्रकाराने तो एका खांद्यावर पिन लावून घेण्याची सूचना केली होती. आम्ही ती मानली नाही. पदर त्यांच्या सवयीप्रमाणेच ठेवला, फक्त त्याचे टोक उजव्या हातात पुढे धरायला सांगितले. त्यामुळे तांबड्यावरची पांढरी टोके निळ्या अंगावर आली आणि हातांनाही काहीतरी धरायला मिळाले. नऊवारी नेसणाऱ्या तरुण मुलींनी शिवलेली नऊवारी घ्यावी की नेसावी, हे त्यांनी ठरवावे, परंतु बसून फोटो काढायचा असेल तर एकदा घरी बसून पाहावे, कारण शिवलेल्या नऊवारीचा काष्टा बसल्यावर गुडघ्यांशी ताणला जातो. कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या रेशमी साडीच्या घडीच्या रेषा फोटोत स्पष्ट दिसतात. ती आठ दिवस आधी घडी मोडून सावलीत दोरीवर पसरावी आणि उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मंद इस्त्री करावी.

पुरुषांच्या कपड्यांत चूक बहुधा मापाची असते. कुर्त्याची खांद्यावरची शिवण दंडावर उतरली तर चांगला धडधाकट माणूसही खचलेला दिसतो. नेहरू जॅकेटची बटणे बसल्यावर ताणू नयेत. खिशात मोबाइल, किल्ल्या, पेन किंवा चष्म्याची डबी नसावी. सगळ्यांना फेटे बांधण्याची कल्पना वारंवार निघते. लग्नघरात ते शोभून दिसतात, पण घरच्या फोटोत फेट्याखाली कपाळ आणि भुवया झाकल्या जातात आणि रोजचे माणूस ओळखू येत नाही. आजोबा रोज पांढरी टोपी घालत असतील तर ती मात्र स्वच्छ धुऊन, टोक नीट करून अवश्य घालावी. नव्या टोपीपेक्षा तीच बरी.

लहान मुलांना खणाचे परकर-पोलके किंवा बंडी-धोतर फार गोड दिसते, पण आतून सुती अस्तर हवे. कपड्याची जर मानेला टोचली की मूल रडते आणि त्यानंतर अर्धा तास फोटोचे नाव काढता येत नाही. पोलक्याच्या गळ्याची शिवण स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहावी. आपल्याला टोचली तर मुलाला नक्कीच टोचणार. एक साधा सुती जोड त्याच रंगांतला जवळ ठेवावा. दोन वर्षांच्या मुलाने भरजरी बंडी काढून टाकली तर त्याला त्या साध्या कुर्त्यात बसू द्यावे.

दागिने मोजके असावेत. नथ मोठी असेल तर तिची सावली ओठांवर पडते. गजरा समोरून दिसत नाही, म्हणून तो कानामागे थोडा बाहेर काढून माळावा. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि केसांचे रबर तेवढे काढावे. चष्म्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा लावणारे एक काका आमच्या फोटोत होते. अंगणात पाचच मिनिटांत त्यांचे डोळे दिसेनासे झाले आणि घरातल्या जुन्या साध्या चष्म्यासाठी मुलाला पळवावे लागले. असा चष्मा कोणाचा आहे हे आधी विचारून साधा चष्मा सोबत ठेवावा.

परदेशातून येणाऱ्यांशी रंग ठरवताना मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नये, कारण प्रत्येक पडद्यावर तोच निळा निराळा दिसतो. न्यू जर्सीच्या नणंदेला आम्ही केवळ एवढे कळवले की मुलांच्या छातीची, खांद्याची आणि उंचीची मापे इंचांत पाठवा, कपडे इथे शिवू. मापे घेताना वाढत्या वयाचा इंचभर कापड आत दुमडून ठेवायला शिंप्याला सांगितले. विमानप्रवासानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फोटो ठरवू नये, मुले भर दुपारी पेंगतात.

वेळेचा हिशेब असा ठेवावा. तीन आठवडे आधी ज्येष्ठांची साडी आणि जागा ठरवावी, त्याच आठवड्यात ब्लाउज आणि कुर्ते शिवायला टाकावेत, नव्या साड्यांना फॉल-पिको करून घ्यावे. एक आठवडा आधी सगळ्यांनी सगळे घालून पाहावे, तेही बसून, वाकून आणि मूल कडेवर घेऊन. आदल्या दिवशी प्रत्येकाचे कपडे आतल्या परकर-बनियनसकट एका पिशवीत एकत्र ठेवावेत. फिकट कुर्त्याखालची गडद बनियन ऐन वेळी दिसते आणि तेव्हा उपाय नसतो. सोबत सेफ्टी पिना, सुई-दोरा, ओला रुमाल आणि कंगवा. घरात किंवा अंगणात जाजमावर फोटो असेल तर पादत्राणांचा विचारच करू नये, अनवाणी पाय सगळ्यांना शोभतात. बाहेर असेल तर सगळ्यांच्या पायांत कोल्हापुरी किंवा तशाच साध्या चपला असाव्यात.

त्या दिवशी आजींना सगळ्यांत शेवटी नेसवावे आणि मुलांना त्यांच्याही नंतर कपडे घालावेत, दोघांनाही आधी खाऊ घालून. गटाचा मुख्य फोटो पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्यावा, कारण त्यानंतर आजी दमतात. त्यांना आत नेऊन बसवण्यापूर्वी आणखी एक फोटो काढायला सांगावे: त्या एकट्या, खिडकीकडे तोंड करून, पदर दोन्ही हातांत पूर्ण उलगडलेला. आमच्या घरी त्या इरकलीची वीण आता केवळ त्याच फोटोत धागा न धागा दिसते. लुगडे पुढच्याच वर्षी घडीवर विरले.